दोन चौकट

राधाकिशन वकिलांनी ‘पास’ म्हटलं ते इतक्या सहज, की समोर बसलेल्या मन्मथअप्पांना आधी राग आलाच नाही. नुसते कान गरम झाले. वाटलं, वकील थट्टा करताहेत, आता चष्मा वर सरकवतील आणि पुढची बोली बोलतील. पण वकिलांनी हातातली पानं नीट लावून घेतली आणि ते पंख्याकडे बघत बसले. उजवीकडून विजयसिंहांनीही पास म्हटलं आणि बोली मिटली. दोन चौकट. म्हणजे चौकट हुकूम आणि तेरापैकी आठ हात करायचे, संपलं. अप्पांनी आपल्या पानांकडे पुन्हा एकदा पाहिलं, जणू मधल्या वेळात ती कुणी बदलून ठेवली असतील. चौकटची पाच, त्यात राजा-राणी. इस्पिकचा एक्का आणि राणी. किलवरचा एक्का. चांगला पंधरा गुणांचा हात, आणि समोरच्या माणसानं आपणहून ‘एक चौकट’ म्हणून आपल्याकडेही चौकट भरपूर असल्याचं कळवलेलं. अकरा हात झोपेतसुद्धा झाले असते. अकरा म्हणजे पाच चौकट, म्हणजे गेम, ज्याचे जादा गुण आधी तशी बोली केली तरच मिळतात, म्हणजे आजची स्पर्धा खिशात. आणि हा शहाणा माणूस दोनावर थांबला होता.

विजयसिंहांनी बदामचा राजा टाकून खेळ सुरू केला आणि म्हणाले, ‘चला अप्पा, मांडा दुकान.’ ब्रिजमधली ही फार वाईट रीत आहे. समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. दोघांपैकी हुकमाच्या रंगाची बोली ज्यानं आधी केली त्यानं खेळायचं, आणि त्याच्या भिडूनं आपली सगळी पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसायचं. त्याला डमी म्हणतात. डमीनं काही सुचवायचं नाही, भुवई उडवायची नाही, सुस्कारासुद्धा जपून टाकायचा. अप्पांनी पानं एकेक करून मांडली, आधी हुकूम, मग बाकीचे रंग. राजा-राणी मांडताना हात जरा आपटलाच. विजयसिंह पुढे वाकले. दिंद्रुडकडची बागायती, एकदा जिल्हा परिषद लढवलेली, त्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. ‘आयला, एवढा माल आन् दोनच? वकीलसाहेब, झोप लागली का काय तुमाला?’ डावीकडचे केदारनाथ, जनावरांचे डॉक्टर, वयानं सगळ्यांत लहान, ते नुसते हसले. वकिलांनी उघड्या पानांकडे पाहिलं, मग एक क्षण अप्पांकडे पाहिलं, आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, ‘थँक्यू, अप्पा.’ त्या थँक्यूनं अप्पांच्या डोक्यात तिडीक गेली. यांचं थँक्यू घेऊन काय करायचं आहे. अप्पांच्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक सगळा ढीग उपसून घेतं आणि एक चमचा विकत घेऊन जातं, तेव्हासुद्धा थँक्यू म्हणत नाही, ते बरं.

साधा रविवार असता तर अप्पांनी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. बीडच्या त्या क्लबात, निजामाच्या काळातल्या त्या पत्र्याच्या बैठ्या इमारतीत, रविवारी संध्याकाळी असे डाव येतात आणि जातात. हरलेला चहा पाजतो. पण आजची दसऱ्यानंतरची वार्षिक स्पर्धा होती, तिचा हा शेवटचा डाव होता, आणि जिंकणाऱ्या जोडीचं नाव जानेवारीतल्या औरंगाबादच्या सामन्यांसाठी जाणार होतं. अप्पांना औरंगाबादचं काही वेड नव्हतं. त्यांना जानेवारी हवा होता. वकील दिवाळी उरकून पुण्याला मुलाकडे जायचं म्हणत होते, जायचं म्हणजे कायमचं. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेला, त्यानं मोठा फ्लॅट घेतलेला. पण जोडीचं नाव एकदा औरंगाबादला गेलं असतं तर वकील थांबले असते. दिलेली तारीख त्यांनी कधी चुकवली नव्हती. अंगात ताप घेऊन कोर्टात उभे राहिलेले अप्पांनी पाहिले होते. जानेवारीपर्यंत थांबले की मग संक्रांत, मग उन्हाळा, पुण्याची पोरंच सुटीला इकडे येतील; माणूस एकदा थांबला की थांबतो. हा सगळा विचार अप्पांनी आठवडाभर मनातल्या मनात केला होता. कुणाला सांगितला नव्हता, शिवगंगाबाईंनाही नाही. बायकोला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, सरळ त्यांनाच म्हणा की. सरळ म्हणायचं म्हणजे काय, हेच तर बायकांना कळत नाही. दोन सभ्य माणसं असं म्हणतात का कधी.

पहिला हात वकिलांनी बदामच्या एक्क्यानं घेतला आणि हुकूम काढायला सुरुवात केली. ‘राजा,’ ते म्हणाले, आणि अप्पांनी आपल्याच पानांतून राजा उचलून मधे ठेवला, सांगितलेलं काम करणाऱ्या गड्यासारखा. बाहेरच्या हॉलात केबलवर मॅच चालू होती, मधूनच दहाबारा जणांचा ओरडा येत होता. पूर्वी तिथे कॅरमचा आवाज असायचा. आता क्लबात येणारी अर्धी माणसं टीव्हीसाठीच यायची. पत्ते खेळणाऱ्यांना मागची खोली दिली होती, आणि तीही किती दिवस, पुढच्या वर्षी सगळं पाडून गाळे काढणार असं सेक्रेटरी म्हणत होता. अप्पांना त्या ओरड्याचाही राग आला. खरं म्हणजे समोर बसलेल्या माणसाच्या शांतपणाचा राग आला होता. एवढी चूक करून माणसानं निदान कपाळ तरी पुसावं. हे बघा कसे एकेक हात घेताहेत आणि पालथे रचताहेत, जणू आठांच्या वरचे हात चुलीत घालायला मिळणार आहेत.

आणि चूक तरी कशात केली. ही उलटी बोली शिकवायला अप्पांनी दोन महिने घातले होते. जुन्या रीतीत भिडूनं ‘एक चौकट’ म्हटलं आणि आपला हात फुसका असला तर ‘दोन’ म्हणायचं, भारी असला तर उडी मारून ‘तीन’. अप्पांनी मुंबईहून मागवलेल्या पुस्तकात चौकट आणि किलवर या दोन रंगांसाठी हे सगळं फिरवलेलं होतं. हात भारी असेल तर हळूच ‘दोन’ म्हणा, कारण तुम्हा दोघांना अजून खूप बोलायचं आहे, त्याला जागा ठेवा. भिडूनं त्यावर पास म्हणायचंच नाही. हात फुसका असेल तर थेट ‘तीन’ म्हणून ओरडा, म्हणजे विरुद्ध पार्टीला बोलायला जागाच उरत नाही. अप्पांनी हे वाचलं त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं होतं. जन्मभर ते हेच करत आले होते, फक्त त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं. जितकं जास्त असेल तितकं कमी बोलायचं. मोंढ्याच्या बाजारात ओरडतात त्यांच्याकडे माल नसतो, हे त्यांनी तरुणपणीच पाहून ठेवलं होतं. मुलीचं लग्न ठरवताना व्याह्यांशी ते चार वाक्यं बोलले आणि लग्न झालं. त्यांनी पुस्तक घेऊन वकिलांना दुपारच्या मंद वेळी दुकानात बसवलं, स्टीलच्या परातीत पत्ते मांडले आणि डाव लावून दाखवले. वकिलांना एकच गोष्ट लक्षात राहीना. मधे विरुद्ध पार्टीनं तोंड घातलं, काही बोली केली किंवा डबल म्हणजे दुपटीचं आव्हान दिलं, की उलटं बंद. पुन्हा जुनीच रीत, दोन म्हणजे फुसकंच, आणि भारी हात असला तर रिडबल म्हणायचं. वकील हे तीनदा विसरले. तिसऱ्यांदा अप्पा गिऱ्हाइकासमोर म्हणाले होते, ‘साहेब, कायदा पाठ करता, एवढं येक ध्यानात राहीना व्हय?’ वकील ओशाळून हसले होते. त्यानंतर मात्र विसरले नव्हते. आणि आज, दोन महिन्यांत पहिल्यांदा, बोलीला शोभेलसा हात आला होता. वकिलांनी एक चौकट उघडल्यावर तर आता कधी एकदा ‘दोन’ म्हणतो असं त्यांना झालं. त्यांनी ते म्हटलंही किती सुरेख, अगदी हळू, पानावरून नजर न उचलता.

‘इस्पिक,’ वकील म्हणाले. ‘राणी.’ अप्पांनी राणी ठेवली. नऊ हात झाले होते.

उठल्यावर काय बोलायचं याची अप्पा जुळवाजुळव करू लागले. चारचौघांत नाही, पायरीवर. साहेब, म्हणायचं, मी काय बोललो ते ऐकलंत का तुमी. वीस वर्षं समोर बसलो, माझं हळू बोलणं तुमाला कळू नये? इथपर्यंत चांगलं जमत होतं, पण त्यापुढे मन सोमवारकडे वळू लागलं, आणि तिकडे अप्पांना जायचं नव्हतं. सोमवारी भर कोर्टाच्या वेळात वकील काळा कोट घालून दुकानात आले होते. अप्पा एका डब्यावर नाव घालत होते, मशीनची टकटक चालू होती. वकील स्टुलावर बसले, थोडा वेळ कढया बघत राहिले. मग म्हणाले, ‘पोरगा लई मागं लागलाय, अप्पा. दिवाळीनंतर इकडंच ऱ्हायला या म्हणतो.’ अप्पांनी टकटक थांबवली नाही. अक्षर मधेच सोडलं तर वाकडं येतं. ‘बरं हाय की,’ ते म्हणाले. ‘या वयात पोरांजवळ ऱ्हावं.’ ‘तसंच म्हणतो तो,’ वकील म्हणाले. ते आणखी बराच वेळ बसले. मग एक पळी विकत घेतली, जिची त्यांना काही गरज नव्हती, आणि गेले. ते गेल्यावर अप्पांनी डबा पाहिला तर शेवटचं अक्षर बिघडलेलं होतं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पण हे वकिलांना कळायला नको होतं का. वकिलांच्या घरच्या वनमालावहिनी गेल्या तेव्हाही अप्पा काही बोलले नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून अप्पांच्या घरून वकिलांकडे डबा जात होता. दोन वर्षं झाली, एक दिवस खंड नाही. ज्वारीची भाकरी वकिलांना कडक लागते म्हणून त्यांच्यापुरती वेगळी भाजली जात होती. हे बोलणं नाही तर काय आहे. आणखी काय माणसानं छाती पिटून सांगायचं.

अप्पा पुन्हा डावाकडे वळले, कारण डावात तरी चूक कुणाची ते स्वच्छ होतं. पायरीवर पुरावा म्हणून सगळी बोली म्हणून दाखवायची, वकिलाला वकिलासारखं पकडायचं, असं त्यांनी ठरवलं. तुमी म्हणालात, एक चौकट. मग मी म्हणालो, दोन चौकट. नाही, मधे उजवीकडचे विजयसिंह. तुम्ही एक चौकट, विजयसिंह... विजयसिंहांनी काय म्हटलं होतं? ते काहीतरी बोलले होते. ते सतत बोलतच असतात, उसाचं, ट्रॅक्टरचं, तालुक्यातल्या कुणाचं तिकीट कापलं त्याचं. वर्षानुवर्षं शेजारी बसून अप्पांनी त्यांच्या आवाजाला कान बंद करून घेतले होते. पण त्यांनी पास म्हटलं नव्हतं. त्यांनी टेबलावर दोन बोटं आपटली होती. डबल म्हटलं होतं त्यांनी. आता ते अप्पांना इतकं लख्ख आठवलं की विजयसिंहांच्या करंगळीतली अंगठी लाकडावर वाजली तीही आठवली. ते त्यांनी तेव्हाही ऐकलं होतं. ऐकलं आणि सोडून दिलं, कारण त्यांना ‘दोन’ म्हणायची घाई झाली होती.

मधे तोंड घातलं की उलटं बंद. दोन म्हणजे फुसकंच. रिडबल म्हणायला हवं होतं, आणि ते शिकवणारा मीच, परातीत पत्ते मांडून शिकवणारा मी. वकिलांनी शिकवलेलं सगळं लक्षात ठेवलं, तंतोतंत, आणि त्याप्रमाणे पास म्हटलं. पानं उघडल्यावर त्यांनी आपल्याकडे एक क्षण पाहिलं होतं ते यासाठी. त्यांना पहिल्या पानापासून माहीत होतं. अप्पांना आधी जे वाटलं ते त्यांचं त्यांनाच आवडलं नाही: कुणाच्या लक्षात आलं नसलं म्हणजे बरं. पण त्याच्यामागून दुसरंच काहीतरी वर आलं आणि ते काही केल्या खाली बसेना. सोमवारी भर कोर्टाच्या वेळात काळा कोट घालून आलेला माणूस भाव विचारायला आला नव्हता. ‘पोरगा मागं लागलाय’ हे त्यानं किती हळू म्हटलं होतं. हळू म्हटलं म्हणजे हात भारी असतो, पुढे अजून खूप बोलायचं असतं, त्याला पास म्हणायचं नसतं, हे कुणी कुणाला शिकवलं होतं? आणि आपण मशीनसुद्धा थांबवलं नाही. अप्पांना एकदम फार चिडल्यासारखं झालं, पण आता ती चीड नेमकी कुठे न्यायची ते समजेना. समोरच्या माणसावर ठेवावी तर तो माणूस निमूटपणे शेवटचे हुकूम वाजवून घेत होता.

अकरा हात झाले. वकिलांनी शेवटचं पान टाकलं आणि दोन्ही हात टेबलाच्या कडेला ठेवले. केदारनाथांनी कागदावर बेरीज केली, पुन्हा एकदा तपासली आणि संकोचून म्हणाले, ‘आमचेच जास्त भरतायत. गेम बोलला असता तर तुमचे झाले असते.’ विजयसिंहांनी खुर्ची मागे ढकलली. ‘वकीलसाहेब, तुमच्या पासनं तारलं बगा आमाला. हातात काय बी नव्हतं माझ्या, नुसतं हाणायचं म्हणून डबल हाणलं व्हतं. पंधराचा हात समोर आन् तुमी पास म्हणता, कावून?’

‘चुकलं माझं,’ वकील म्हणाले. ‘अप्पांनी बरोबर सांगितलं व्हतं. माझ्याच ध्यानात आलं न्हाई.’

ते इतकं सरळ म्हणाले की केदारनाथांनी मान डोलावलीसुद्धा. हे इथेच सोडून द्यायचं, बस्स, अप्पांना एवढंच करायचं होतं. गप्प राहणं त्यांना जन्मभर जमलं होतं. त्यांनी पानं गोळा करायला हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला. ‘वकीलसाहेबांचं चुकलेलं न्हाई,’ ते म्हणाले. ‘मधे डबल झालतं. डबल झाल्यावर दोन म्हणजे फुसकं. मीच शिकवलंय त्यांना. मीच इसरलो. त्यांनी बरोबर पास म्हटलं.’

‘अप्पा, ऱ्हाऊ द्या हो,’ वकील म्हणाले.

‘न्हाई, ऱ्हाऊ कावून द्यायचं.’ अप्पांना आपला आवाज वाढतोय हे कळत होतं. बाहेरच्या हॉलातून कुणीतरी डोकावून पाहिलं. ‘आन् दुसरं बी एक सांगतो, मग बसा खुशाल हसत. तुमी पुण्याला जाऊ नका. आमच्या घरला डबा करायची सवय लागलीया. मला दुसऱ्या कुणासंग खेळायला जमत न्हाई. जाऊ नका, एवढंच.’

बोलून झाल्यावर त्यांना दम लागला, माडी चढून आल्यासारखा. कुणी हसलं नाही. वकिलांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, आणि मग अप्पांसमोरची पानं स्वतःकडे ओढून ती गड्डीत सारखी करू लागले. त्यांना ते बराच वेळ जमेना.

‘घर दिलं अप्पा मी,’ ते म्हणाले. ‘परवा इक्रीचे कागद झाले. तलवाड्याच्या आमच्या भावकीतच दिलंय.’

‘परवा?’

‘शुक्रवारी.’ वकिलांनी वर पाहिलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर अप्पांना सोसवला असता. ‘सोमवारी कोर्ट सोडून दुकानात आलतो मी. हेच ऐकायला आलतो. तुमी म्हणालात, बरं हाय की.’

विजयसिंहांनी चहाची ऑर्डर द्यायला म्हणून केदारनाथांना उठवलं आणि दोघे बाहेर गेले. हॉलात पुन्हा ओरडा झाला, कुणाची तरी विकेट पडली असावी. अप्पांना कुणावर तरी ओरडायचं होतं. वकिलांवर, की मग आणखी एकदा का नाही विचारलंत, त्या मशीनवर, विजयसिंहांच्या दोन बोटांवर. समोर वकील गड्डी हातात धरून थांबले होते, अप्पा आणखी काही बोलतील म्हणून वाट बघत. आणि अप्पांना आता कितीही मोठ्यानं बोलायची तयारी असून बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.